खाली पिठाची गिरणी, वर मी: सोनी एक्सएम५ घेऊ की बोस अल्ट्रा?

गिरणीवरची

नमस्कार मंडळी. प्रश्न हेडफोनचा आहे, पण आधी गिरणीबद्दल सांगावं लागेल.

डोंबिवली पूर्वेला आमची जुनी चार मजली सोसायटी आहे. आम्ही पहिल्या मजल्यावर आणि बरोबर आमच्या खाली पिठाची गिरणी. सकाळी साडेनऊ ते दीड, संध्याकाळी पाच ते नऊ, सोमवारी बंद. गिरणीवाले काका भला माणूस आहे. मिरची दळल्यावर लगेच कधी माझे गहू टाकत नाहीत. शिवाय आम्ही राहायला आलो त्याच्या आधीपासून गिरणी तिथे आहे, त्यामुळे तक्रारीचा विषयच नाही.

मी घरून ध्वनिमुद्रणं ऐकून टंकलेखन करते. बहुतेक फाईली संशोधनासाठी गावोगाव घेतलेल्या मुलाखतींच्या असतात. फोनवर मुद्रित केलेल्या, मागे कोंबडा, बैल, कुणीतरी भांडी घासतंय. तासाभराची फाईल उतरवायला पाच-सहा तास लागतात, बोलणाऱ्या आजोबांना दात नसले तर सात. परवा असेच एक आजोबा विहिरीबद्दल सांगत होते, “सत्त्याऐंशीला पाणी लागलं.” सत्त्याऐंशीला की सत्त्याण्णवला? नेमकं तेव्हाच खाली कुणाचं तरी दळण पडलं. आठ वेळा मागे नेऊन ऐकलं, दर वेळी आवाज थोडा वाढवत. शेवटी सत्त्याऐंशी लिहून पुढे गेले. रात्री आडवी झाल्यावर उजव्या कानात बारीक कुईंऽऽ चालू. हे आता महिनाभर होतंय.

सध्या माझ्याकडे नऊशे रुपयांचे वायरवाले आहेत. एका मोठ्या कामाचे पैसे एकदम आलेत, म्हणून यावेळी चांगले घ्यायचं ठरवलंय. (नवऱ्याचं म्हणणं, या पैशात कपडे धुण्याचं मशीन येतं. येतं, मान्य आहे.) दोन नावं काढली आहेत, दोन्ही बाहेरचा आवाज मारणारे (नॉइज कॅन्सलिंग). सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ मला २६,९९० ला मिळतोय आणि बोसचा क्वाएटकम्फर्ट अल्ट्रा ३५,९०० ला. नणंद न्यू जर्सीहून जानेवारीत येतेय, तिच्याकडूनही मागवता येईल.

एका मॉलमध्ये दोन्ही दहा-दहा मिनिटं लावून पाहिले. तिथल्या मुलाने ढणाढणा वाजणारं काहीतरी लावलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत बसला. मला ढोल ऐकायचा नाहीये हो, मला दात नसलेले आजोबा ऐकायचेत. यूट्यूबवरचे सगळे लोक विमानात आणि कॉफीच्या दुकानात बसून सांगतात. गिरणीवर बसून कुणी सांगतंय का?

आणखी दोन गोष्टी. मला जाड दांड्यांचा चष्मा आहे. आणि मी पायाच्या पेडलने फाईल थांबवते, मागे नेते, पुन्हा चालू करते. दिवसातून हजारदा तरी होत असेल.

रात्रपाळी

सोनी एक्सएम५ दोन वर्षं वापरतोय. लॅबमध्ये रात्रपाळी असते, दिवसा झोपतो, समोर इमारतीचं काम चालू आहे. मिक्सरची घरघर जाते, सळया टाकल्याचा आवाज जात नाही. कुशीवर झोपता येत नाही, उताणंच पडावं लागतं. बॅटरी आठवड्यातून एकदा चार्ज करतो. त्यानंतरचा एक्सएम६ २०२५ मध्ये आलाय, तो घडी होतो, एक्सएम५ होत नाही. म्हणजे आता हे मॉडेल जुनं झालं, तेव्हा घासाघीस करा. बोस वापरलेला नाही.

कानसेन

ताई, वीस वर्षं ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे, दोन्ही हेडफोन हाताळलेत. पण ब्रँड जरा बाजूला ठेवू आणि आधी तुमच्या घरातले आवाज बघू, कारण हे हेडफोन सगळे आवाज सारखे मारत नाहीत. ‘रात्रपाळी’ यांनी सळयांचं लिहिलंय ना, तीच गोष्ट.

आतलं काम असं चालतं. कपाच्या बाहेरचे आणि आतले माइक आवाज ऐकतात आणि यंत्र त्याच्या बरोबर उलटी लाट तयार करून कानात सोडतं. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसला की दोन्ही संपतात. आता १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनं) आवाजाची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. तिथे जुळवाजुळव करायला सवड मिळते. ३००० हर्ट्झला तीच लाट अकरा-बारा सेंटिमीटरची होते. तिथे केसाएवढी चूक झाली तरी आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढेल, म्हणून तिथे यंत्र हात आखडता घेतं आणि काम कानाभोवतीच्या गादीवर सोडतं. थोडक्यात, खालच्या पट्टीचा आणि एकसुरी आवाज यंत्र खातं, वरच्या पट्टीचा जमेल तेवढा गादी अडवते.

तुमची गिरणी या बाबतीत आदर्श शेजारीण आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटरची गुणगुण १०० हर्ट्झ आणि तिच्या पटीत. त्यावर पट्ट्याची आणि दगडांची घरघर, तीही खालचीच, तासन्‌तास एका लयीत. विमानाच्या आवाजाची जातही हीच. बोस कंपनीवाले अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून बॉस्टनला चालले होते. विमानात मिळालेल्या हेडफोनमधून त्या घरघरीपुढे धड काही ऐकू येईना, तेव्हा तिथेच बसून त्यांनी या कल्पनेची आकडेमोड सुरू केली. बाजारात पहिला हेडसेट आला १९८९ मध्ये, तोही वैमानिकांसाठी. वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले क्रांतिकारक, मुलगा एमआयटीत प्राध्यापक. हे विषयांतर झालं, पण बोस म्हटलं की मला राहवत नाही.

म्हणजे दळणाचा आवाज दोन्हींत जाईल. पण काका दगडांना टाकी (छिन्नीचे घाव) लावायला बसतील तो दिवस वाया गेला असं समजा. टक् टक् टक्, प्रत्येक ठोका वेगळा आणि टोकदार. यंत्राला त्याचा माग लागत नाही. कुकरची शिट्टी, गाड्यांचे हॉर्न, दारावरचा कोथिंबीरवाला यांचंही तसंच. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. गिरणी तुमच्या खालीच आहे, तेव्हा तिची थरथर भिंतीतून, टेबलातून, खुर्चीतून तुमच्या हाडांपर्यंत येत असणार. तिला हेडफोन काही करू शकत नाही. टेबल-खुर्चीच्या पायांखाली जाड रबर घाला, पन्नास रुपयांचं काम आहे.

आता चष्मा. या दोन हेडफोनमधला खरा फरक मला इथे वाटतो. वजन दोन्हींचं साधारण २५० ग्रॅम, त्यात काही नाही. पण बोसची पकड सौम्य आहे, गादीही मऊ. जाड दांडी गादी उचलून धरते, त्या फटीतून खालचे आवाज आत येतात, म्हणजे नेमकी तुमची गिरणी. असं दोन्हींत होतं, बोसमध्ये मला जरा कमी वाटलं. सहा-सहा तास घालणार असाल तर कानशिलांनाही बोस बरा.

पेडलसाठी मात्र ब्लूटूथ विसरा, दोन्हींचं. आवाज यायला किंचित उशीर होतोच. गाणी ऐकताना तो कळत नाही, पण तुम्ही दर चार सेकंदांनी थांबवून चालू करणार, तेव्हा पहिलं अक्षर गिळलं जाईल. ‘नव्हतं’चं ‘व्हतं’ झालं की मुलाखतीचा अर्थच उलटा. तेव्हा वायर लावा. वायर लावूनही आवाज मारण्याची सोय चालू ठेवता येते, फक्त बॅटरी असली पाहिजे. सोनीला दोन्ही टोकांना नेहमीची ३.५ मिमीची पिन आहे, कुठल्याही दुकानात वायर मिळेल. बोसला हेडफोनच्या बाजूला २.५ मिमीची, ती शोधावी लागते.

बाकी एलडॅक (ब्लूटूथवरून जास्त बारकाईचा आवाज पाठवायचं सोनीचं तंत्र) वगैरे जे वाचलं असेल ते सोडून द्या. फोनवर टिपलेल्या मुलाखतीला एलडॅक म्हणजे ताकाला केशर.

आणि ते कुईं मनावर घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ऐकायला हरकत नाही. पण त्यावर दर तीन डेसिबलला तास निम्मे होतात. म्हणजे ८६ ला दहाच तास. तुम्ही गिरणीच्या वर आवाज चढवून किती तास बसता ते बघा. हेडफोन नंतर घ्या, आधी कानाच्या डॉक्टरकडे जा.

गिरणीवरची

कानसेनदादा, एवढं सविस्तर! टाकीचं तुम्हाला कसं माहीत? महिन्यातून एकदा दुपारी असतंच ते, आणि त्या वेळात मी भाजी आणायला जाते.

एक बावळट प्रश्न. फाईलमध्येच जी खरखर असते, वाऱ्याची, पंख्याची, ती हे हेडफोन काढतील का? मैत्रीण म्हणते काढतात.

आणि मला ऐकताना ते शब्द पुटपुटायची सवय आहे. सासूबाई म्हणतात, जप चाललाय. त्याचा काही त्रास होईल का?

कानसेन

प्रश्न बावळट नाही, निम्म्या लोकांचा हाच समज असतो. नाही काढणार. हेडफोन तुमच्या खोलीतला आवाज मारतो. आजोबांच्या अंगणातला वारा फाईलमध्ये आहे, तो त्याच्या लेखी आजोबांइतकाच पवित्र. उलट खोली शांत झाल्यावर तो जास्तच ऐकू येईल. खालची घूं-घूं कमी करायची असेल तर फाईल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इक्वलायझर (कुठल्या पट्टीचा आवाज किती ठेवायचा ते ठरवायची सोय) असतो, त्यात १०० हर्ट्झच्या खालचं उतरवा.

पुटपुटण्याचं म्हणाल तर सोनीत स्पीक-टू-चॅट नावाची सोय आहे. तुम्ही बोललात की वाजणारं आपोआप थांबतं आणि बाहेरचं ऐकू येऊ लागतं. त्याला जप आणि गप्पा यांतला फरक कळत नाही. ती अ‍ॅपमधून बंद ठेवायची. वायरवर काम करताना प्रश्नच नाही.

अटलांटिकपार

मी एडिसनला असते. बोस अल्ट्रा माझ्याकडे आहे, दर दोन वर्षांनी नेवार्क-मुंबई करते त्यासाठी घेतला. पंधरा तास डोक्यावर असतो, कान दुखत नाहीत. रडणारं बाळ मात्र ऐकू येतंच, कानसेन म्हणतात तसं. मी चष्मेवाली, पण माझी दांडी बारीक तारेची आहे.

गिरणीवरची ताई, नणंदेकडून मागवायच्या आधी एक विचार कर. वॉरंटी बहुधा घेतलेल्या देशातच चालते. माझ्या भावाला एक महागडी वस्तू इथून नेली (कंपनीचं नाव नको), ती सात महिन्यांनी बंद पडली. तिकडच्या केंद्राने हात वर केले, इथल्यांनी इथे आणा म्हटलं. ती वस्तू आता कपाटात आहे आणि वहिनी अजून मला ऐकवते. नणंद-भावजयीत वाढीव विषय कशाला?

शिवाय ऑनलाइन मीटिंग करत असशील तर ब्लूटूथवर हेडफोनचा माइक निवडू नकोस. तो निवडला की येणारा आवाजही जुन्या टेलिफोनसारखा बसका होतो. कुठल्याही कंपनीचा घे, ब्लूटूथची रीतच तशी आहे. माइक लॅपटॉपचा ठेवायचा.

साधा_माणूस

२७ हजार? ३६ हजार? कानात घालायचे फोमचे बोळे पन्नास रुपयांत मिळतात. आमचे वडील छापखान्यात आयुष्यभर काम करून गेले, कापूस घालायचे.

रात्रपाळी

बोळे घालून मुलाखत कशी ऐकणार काका?

साधा_माणूस

हो, ते खरं. पण तरी.

गिरणीवरची

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. हेडफोन घेतला, वापरतेय, आणि कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. त्यांनी आलेख काढला. उजव्या कानाला ४००० हर्ट्झपाशी लहानसा खड्डा आहे, म्हणजे त्या पट्टीचं कमी ऐकू येतं. फार नाही, पण आहे. आवाज कमी ठेवा, तासाला दहा मिनिटं कान मोकळे ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, असं म्हणाले. कानसेनदादा, तुम्ही रागावून लिहिलं नसतं तर गेले नसते.

तर खरेदी. यावेळी तयारीने गेले. आदल्या दिवशी काकांच्या परवानगीने गिरणीत उभं राहून फोनवर दहा मिनिटं दळणाचा आवाज टिपला. लॅपटॉप घेतला, पेडल घेतलं, आजोबांची फाईल घेतली. दुसऱ्याच एका दुकानात दुपारी, गर्दी नसताना. तिथल्या पोराला म्हटलं, तुमच्या सगळ्यात मोठ्या स्पीकरवर हे लावा, पूर्ण आवाजात. त्याने लावलं. दुकानभर गिरणी. शेजारच्या मोबाइल कव्हरवाल्याने डोकावून पाहिलं. पोरगं म्हणालं, “मॅडम, गाणं सुरू कधी होणार?”

त्या गिरणीत बसून अर्धा तास बोस, अर्धा तास सोनी. बोस डोक्यावर ठेवल्याबरोबर मला तो आवडला, खोटं कशाला बोलू. उशी ठेवल्यासारखा. माझ्या या चष्म्यावर गिरणीही त्याच्यात किंचित जास्त दबत होती. सोनीत दांडीच्या बाजूने बारीक घूं येत होती. मग पर्समध्ये जुना, बारीक दांडीचा चष्मा होता तो लावून पाहिला. नंबर चुकीचा, पोरगं धूसर दिसत होतं, पण घूं गेली. दोन्हींत गेली. म्हणजे दोष माझ्या चष्म्याकडे.

ब्लूटूथवर पेडल मारून पाहिलं. दादांनी लिहिलं तसंच झालं, पहिलं अक्षर गायब. वायर लावली, आलं. मग माझ्यासाठी प्रश्न संपला. जन्मभर वायरवरच काम करायचं असेल तर वायर मला स्टेशनजवळच्या टपरीवर मिळायला हवी. सोनी घेतला. वाचलेले ८,९१० रुपये होते, त्यातून बारीक दांडीचा नवा चष्मा केला, उरलेले ठेवून दिलेत. नवऱ्याला फक्त चष्म्याचं सांगितलंय. हेडफोनच्या पैशांबद्दल तो विचारत नाही आणि मी बोलत नाही.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी साडेनऊला गिरणी सुरू झाली ते मला पायांना कळलं. कानांना नाही. फार विचित्र वाटतं हो, पाय म्हणतात गिरणी आहे, कान म्हणतात नाही. मग जुनी योगासनांची चटई कापून टेबल-खुर्चीखाली घातली, तेव्हा पायही निम्मे गप्प झाले. लॅपटॉपचा आवाज आधी ८० टक्क्यांवर असायचा, आता ४० ला भागतं. कुईं अजून आहे, पण रोज नाही.

तक्रारी? आहेत. कान घामेजतात. डिसेंबरात ही गत, तर मे महिन्यात काय होईल देव जाणे. तासाला दहा मिनिटं काढायचे असल्यामुळे तेवढं निभतं. सोमवारी गिरणी बंद असते तेव्हा आत एक बारीक सूंऽ ऐकू येतं, यंत्राचं स्वतःचं. म्हणून सोमवारी ते बंद ठेवून नुसती वायर लावते. कुकरची शिट्टी ऐकू येते पण लांबच्या घरातली वाटते. परवा तीन शिट्ट्या शेजारच्यांच्या समजून बसले आणि आमची डाळ लागली. आता सासूबाई शिट्टीनंतर येऊन खोलीतला दिवा चालू-बंद करतात. त्यांना त्यात मजा वाटायला लागलीय, शिट्टी नसतानाही करतात.

रात्रपाळी

अभिनंदन ताई! वायर पुरते का? डब्यातली लहान वाटते मला.

गिरणीवरची

१.२ मीटरची आहे. लॅपटॉपला पुरते. पण रात्री मुलाच्या मोठ्या कंप्युटरवर बसले की त्याचा डबा टेबलाखाली आणि मी वाकलेली. लांब वायर टपरीवरून आणली, दीडशे रुपये.

कानसेन

आणि त्या आजोबांचं काय झालं? सत्त्याऐंशी का सत्त्याण्णव?

गिरणीवरची

अहो, ते सांगायचंच राहिलं. नवीन हेडफोनवर पहिली तीच फाईल लावली. सत्त्याऐंशीही नव्हतं आणि सत्त्याण्णवही नव्हतं. “सत्तर-ऐंशीला पाणी लागलं.” साल नाहीच ते. फूट! मी फाईल तशीच पाठवून दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काम देणाऱ्या बाईंना फोन करून परत मागवली, आणि आता त्याच गावच्या आधीच्या तीन फाईली पुन्हा ऐकतेय.